मुक्या दगडाची साक्ष

सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे ठिकाण. पाऊस बेताचा, माळ उघडे, ज्वारी-बाजरीची शेती आणि मेंढरांचे कळप असा हा मुलूख. येथून माणदेशाकडे वळावे किंवा खाली सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडीच्या बाजूस उतरावे. या पट्ट्यातील जुन्या गावांत मारुतीच्या देवळापाशी, वेशीच्या कडेला, लिंबाच्या पारावर किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत एखादा कोरीव दगड हमखास दृष्टीस पडतो. त्यावर चंद्र असतो, सूर्य असतो, कलश असतो. खाली तलवार उगारलेली माणसे असतात, आडवा पडलेला एक देह असतो, कोठे गाईंची रांग असते, तर कोठे कोपरात वाकलेला नुसता एक हात असतो. अक्षर बहुधा नसतेच, आणि असले तर ऊनपावसाने इतके झिजलेले असते की ते अक्षर की टाकीचा घाव हे सांगणे कठीण व्हावे.

हे काय आहे, असे गावात विचारले तर उत्तरे तयार असतात. कोणी म्हणतो, पांडव वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत कोरले. कोणी आवाज खाली आणून सांगतो, खाली धन पुरले आहे, ही त्याची खूण. कोणी नुसतेच हात जोडतो, कारण त्याच्या आजीने त्या दगडाला शेंदूर लावला होता आणि आजीच्या आजीनेही लावला होता. मुले मात्र त्याला सायकल टेकवून खेळायला निघून जातात.

या दगडाकडे पाहून जो प्रश्न मनात उभा राहतो तो केवळ पुराणवस्तूंच्या अभ्यासकांचा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे. जी वस्तू स्वतः बोलू शकत नाही तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला? आणि तो सांगताना माणसावर कोणती जबाबदारी येते?

आपल्या मराठीत ‘ओळखणे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. एखादी वस्तू काय आहे हे जाणणे म्हणजे ओळखणे. आणि एखाद्या माणसाला ओळख देणे, त्याचे आपल्याशी असलेले नाते मान्य करणे म्हणजेही ओळखणेच. पहिल्या अर्थी ओळखायला बुद्धी पुरते. दुसऱ्या अर्थी ओळखायला अंतःकरण लागते. रस्त्यात भेटलेल्या गरीब नातेवाइकाला पाहून ‘मी ओळखत नाही’ असे म्हणणाऱ्याची बुद्धी शाबूत असते. त्याचे चुकते ते दुसऱ्या ठिकाणी. दगड ओळखतानाही या दोन्ही अर्थांची गरज लागते, हे पुढे दिसून येईल.

प्रथम बुद्धीने काय कळते ते पाहू. माणदेशात आणि महाराष्ट्रात इतरत्रही जे कोरीव दगड भेटतात त्यांतील बरेचसे ‘वीरगळ’ असतात. ‘गळ’ म्हणजे दगड. कानडीतील ‘कल्लु’ या शब्दाचे हे मराठी रूप. लढाईत, गावाच्या रक्षणात किंवा चोरांनी वळवून नेलेली गुरे सोडवताना जो कामी आला त्याच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड तो वीरगळ. तो खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो. तिच्या वर लढाईचा प्रसंग. त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. ‘आकाशात चंद्रसूर्य असतील तोवर या माणसाची कीर्ती टिको’ हा त्या दोन चिन्हांचा अर्थ. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील तर तो गोधनासाठी मेला असे समजावे. म्हणजे आपण ज्याला गूढ लिपी समजत होतो ती एका गावाने एका मृत माणसाला दिलेली पावती असते, आणि ज्या काळात वाचता येणारे थोडे होते त्या काळात ती सर्वांना वाचता यावी अशाच चित्रांत लिहिलेली असते.

कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात दिसला तर ती ‘सतीशिळा’. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या स्त्रीचे ते स्मारक. या दगडापाशी पाय अडखळतात. त्या हाताला गावाने पूज्य मानले हे खरे. पण ती स्वखुशीने गेली की तिला ढकलले गेले, हे तो दगड सांगत नाही. दगड कोणी उभा केला? जे मागे राहिले त्यांनी. तेव्हा दगडाची साक्ष हीदेखील कोणाची तरी साक्ष असते, आणि ती ऐकताना कोण बोलत आहे आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे विचारावे लागते. एखादी वस्तू ओळखणे म्हणजे तिच्यातील सर्व गोष्टींना होकार देणे नव्हे.

तिसरा प्रकार ‘गधेगाळ’. वर चंद्रसूर्य आणि कलश, मध्ये कधी लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे लज्जास्पद चित्र. राजाने जमीन किंवा उत्पन्न दान दिले, ते जो कोणी मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, ही त्या दगडावरची शिवी. रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या अक्षी येथे अशाच प्रकारचा, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे, आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आपल्या मायबोलीच्या पहिल्या कोरीव शब्दांबरोबर एक शाप आलेला आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दिलेला शब्द माणसे पाळतीलच असा भरवसा दात्याला नव्हता. गुन्हा करणाऱ्याच्या निरपराध आईला त्याने शिक्षेत ओढले, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. अर्थ ठाऊक नसल्यामुळे काही ठिकाणी गधेगाळालाही शेंदूर फासला गेला आणि शापाचा दगड देव होऊन बसला.

हे सारे कळले ते कोणा एकाला झालेल्या साक्षात्कारामुळे नव्हे. एका दगडाशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी शंभरावा ठेवून, कोठे नाव आहे, कोठे शक आहे, कोठे तीच चौकट पुन्हा येते हे पाहत पाहत अभ्यासकांनी ही भाषा शिकून घेतली. एकटा दगड मुका असतो. त्याच्या भावंडांत बसवला की तो बोलू लागतो. तरीही एका मर्यादेपलीकडे तो बोलत नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे सहा मोठे वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या समुद्रयुद्धाशी काही संशोधक त्यांचा संबंध जोडतात. नौका दिसतात, वल्ही दिसतात; ते डोळ्यांचे ज्ञान. तो सोमेश्वर आणि तो महादेव, हे अनुमान. अनुमानाला अनुमान म्हणणे ही अभ्यासाची पहिली शिस्त, आणि सचोटीचीही.

कारण येथेच मोह उभा राहतो. मुका साक्षीदार आपल्या बाजूने बोलला असे सांगण्याचा हा मोह फार जुना आहे. त्याच्या दोन कथा इतिहासात नोंदलेल्या आहेत, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत.

चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने आजच्या हरियाणातील टोपरा येथून एक प्रचंड दगडी स्तंभ मोठ्या कष्टाने दिल्लीस आणवला. त्यावर ओळीच्या ओळी लिहिलेल्या होत्या. सुलतानाने विद्वानांना बोलावले. कोणालाही ते वाचता आले नाही. तरी त्या काळचा इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने एक वदंता नोंदवली आहे. काही जणांनी म्हणे असा अर्थ सांगितला की, पुढे फिरोज नावाचा सुलतान होईल, त्याच्याशिवाय हा स्तंभ कोणालाही जागचा हलवता येणार नाही! राजाला दगडात स्वतःचे नाव ऐकू आले. पुढे सुमारे पावणेपाचशे वर्षांनी, १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले तेव्हा कळले की त्या स्तंभावर सुलतानाचे भविष्य नाही. तेथे सम्राट अशोक आपल्या प्रजेला धर्माने वागा, प्राण्यांवर दया करा असे सांगत आहे, आणि वाटेवर वड लावले, विहिरी खोदल्या याचा हिशेब देत आहे. खुशामतीच्या अर्थापेक्षा खरा अर्थ कितीतरी थोर होता. त्याच अशोकाच्या आज्ञेचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सापडला, आणि दुसरा १९५६ मध्ये आपल्या वसईच्या भुईगावात मिळाला, हे या त्रैमासिकाच्या अनेक वाचकांना ठाऊक असेल.

दुसरी कथा आपल्या घरातली आहे. १५४७ मध्ये मद्रासजवळच्या मैलापूर येथील संत थॉमसच्या टेकडीवर पोर्तुगीज लोक चॅपेलसाठी पाया खणत असता एक कोरीव शिळा निघाली. शिळेवर क्रूस होता आणि क्रूसाभोवतीच्या कमानीवर अनोळखी अक्षरांची ओळ होती. सर्वांना एकच उत्सुकता: प्रेषित थॉमसविषयी येथे काय लिहिले आहे? १५६१ मध्ये एका विद्वान ब्राह्मणाकडून ते वाचवून घेण्यात आले. त्याने त्या एवढ्याशा ओळीतून संत थॉमसचे आगमन, त्याचे कार्य आणि त्याचे हौतात्म्य यांची लांबलचक हकिकत वाचून दाखवली. ऐकणारे आनंदले. ती हकिकत युरोपापर्यंत गेली आणि तीनशे वर्षे पुस्तकांतून छापली गेली.

पुढे १८७३ मध्ये ए. सी. बर्नेल या अभ्यासकाने त्या लेखाची चर्चा करून ती लिपी पहलवी, म्हणजे जुन्या इराणातील असल्याचे दाखवून दिले. लेख अगदी छोटा आहे. तो प्रार्थनेच्या स्वरूपाचा आहे, इतपत बहुतेक अभ्यासकांचे एकमत. त्यातील शब्द नेमके कसे लावावेत यावर मात्र अजून वाद आहे. संत थॉमसच्या हौतात्म्याची हकिकत त्यात नाही.

त्या वाचणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्यासमोर कोण बसले होते हेही पाहावे. जे बसले होते त्यांना उत्तर आधीच माहीत होते. त्यांना हवी होती ती फक्त सही. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर चेहऱ्यावर घेऊन प्रश्न विचारला की दुबळा माणूस तेच उत्तर देतो. कोर्टात अशा साक्षीला पढवलेली साक्ष म्हणतात. पढवणारा आणि पढणारा, दोघेही तिच्यात भागीदार असतात. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण शेजाऱ्यापुरती समजतो. पण जो मेला आहे, ज्याची भाषा मेली आहे, जो उठून ‘मी असे बोललो नाही’ असे म्हणू शकत नाही, त्याच्याहून असहाय शेजारी कोणता? जिवंत माणसाच्या नावे खोटे बोललो तर तो आपला हात धरील. दगडाच्या नावे खोटे बोलणाऱ्याचा हात धरणारी फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी असते.

यावर कोणी म्हणेल की, बिघडले काय? त्या खोट्या वाचनाने भाविकांची श्रद्धा दृढ झाली, कोणाचे नुकसान तर झाले नाही. हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही, कारण आपल्यातील पुष्कळजण मनातून असेच मानतात. परंतु संत थॉमस भारतात आला ही परंपरा त्या ओळीवर कधीच उभी नव्हती. ती केरळच्या ख्रिस्ती घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्मृतीवर उभी होती. तिला खोट्या टेकूची गरज नव्हती. उलट, टेकू खोटा निघाला त्या दिवशी चांगल्या भिंतीवरही लोक संशय घेऊ लागले. श्रद्धेला असत्याचा आधार देणारा श्रद्धेचे रक्षण करीत नाही. आपल्या मनातील शंकेपासून तो स्वतःला लपवीत असतो.

आणि खोट्या वाचनाने गमावले काय, याचाही हिशेब करावा. पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसे होती, त्यांचे इराणातील ख्रिस्तसभेशी नाते होते, आणि ती दगडावर क्रूस कोरून त्याभोवती आपली प्रार्थना लिहीत होती, ही गोष्ट ती ओळ सांगत होती. तोच लेख असलेले क्रूस केरळात कोट्टयमच्या वलिय पळ्ळीतही आहेत. गोव्यात जुवारी नदीकाठच्या आगशी येथे २००१ मध्ये फादर कॉस्मे कॉस्ता यांना पहलवी अक्षरे असलेला असाच एक क्रूस सापडला. केवढा मोठा वारसा हा! पण तीनशे वर्षे तो आपल्यासमोर असून दिसला नाही, कारण आपण त्याला आपलेच वाक्य म्हणायला लावले होते. सुलतानाला अशोक ऐकू आला नाही आणि पोर्तुगिजांना त्या प्रार्थना करणाऱ्या माणसांचा आवाज ऐकू आला नाही. खोट्या ओळखीची शिक्षा हीच की खरा भेटूनही भेटत नाही.

आता दुसरी बाजू. मग काय, शेंदूर लावणारी आजी अडाणी आणि फीतपट्टी घेऊन आलेला अभ्यासक शहाणा? असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. अभ्यासकाला दगडाचा प्रकार कळतो. आजीला त्याचा मान कळतो. तो वीर कोण, त्याचे नाव काय, त्याच्या मागे कोण रडले, हे दोघांनाही माहीत नसते. गावाने नाव हरवले, पण हा दगड उकिरड्यावर टाकायचा नाही एवढे लक्षात ठेवले. सहा-सातशे वर्षे, दुष्काळ आणि पटकी, लुटालूट आणि स्थलांतर सोसून एवढे लक्षात ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. वीरगळ उभारताना गावाने त्या मृताला एक वचन दिले होते: आम्ही विसरणार नाही. ते वचन अर्धे मोडले आणि अर्धे पाळले गेले. आजीच्या शेंदरात ते पाळलेले अर्धे आहे. म्हणून दगड ओळखायला जाणाऱ्याने प्रथम त्या घरी जावे, पायरीवर बसावे, दगडाविषयी काय ऐकले ते विचारावे, आणि ऐकलेले हसण्यावारी नेऊ नये. ओळखण्याचा दुसरा अर्थ मी वर सांगितला तो येथे कामी येतो.

जेथे काहीच कळत नाही तेथे काय करावे? तेथे ‘माहीत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, उघड्या जांभ्या दगडावर शेकड्यांनी चित्रे कोरलेली आहेत. काशेळीचा अवाढव्य हत्ती, उक्षीचा हत्ती, बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस. त्यांच्या शेजारी अशा आकृती आहेत की ज्यांना प्राणी म्हणता येत नाही, अक्षर म्हणता येत नाही, नक्षीही म्हणता येत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे पायांखाली घालून ही कातळशिल्पे नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील आणि गोव्यातील अशा नऊ स्थळांचा समावेश झाला. तरी त्या चौकोनी आकृतींचा अर्थ काय, हे निश्चितपणे कोणीही सांगू शकलेले नाही. ज्यांनी ही चित्रे शोधली त्यांचा मोठेपणा मला वाटतो तो एवढ्यासाठी की, अर्थ न सापडताही त्यांनी ती जपण्याजोगी मानली. आपल्याला ज्याचा अर्थ कळत नाही त्याचाही आदर करता येतो. खरे पाहता आदराची कसोटी तेथेच लागते.

आणि येथे पणाला लागलेली गोष्ट केवळ ज्ञानाची नाही. ‘धनाची खूण’ अशी दगडाची खोटी ओळख पसरली की रात्री कुदळी चालतात. पुष्कळ किल्ल्यांवर आणि लेण्यांत खडकात खोदलेल्या खळग्यांच्या दुहेरी रांगा दिसतात. त्यांतील बऱ्याच ‘मंकळा’ या जुन्या खेळाचे पट आहेत. पहाऱ्यावरचे शिपाई किंवा वाटसरू खडे टाकून तेथे वेळ घालवीत. पण त्यांनाही कोणी खजिन्याचा नकाशा ठरवतो, आणि सात पिढ्यांचे खेळणे एका रात्रीत फुटते. दुसरी हानी याहून खोल आहे. ‘हा दगड आमचा, म्हणून ही जागा आमची, म्हणून तुम्ही परके’ असे म्हणण्यासाठी जेव्हा दगड वापरला जातो, मग वापरणारा कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, तेव्हा मृतांची स्मृती जिवंतांविरुद्ध हत्यार होते. शेजाऱ्याची हद्द दाखवणारा दगड सरकवणाऱ्याला जुन्या करारात शापित म्हटले आहे. मला वाटते, दगडाचा अर्थ सरकवणाऱ्यालाही ते लागू आहे. दगड जागेवरच राहतो. फक्त त्याचा अर्थ हळूच शेजाऱ्याच्या शेतात सरकवला जातो.

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणण्यात आले आणि गिलगाल येथे ते उभे केले गेले. कशासाठी? पुढे मुले आपल्या वडिलांना विचारतील की या दगडांचा अर्थ काय, तेव्हा वडिलांनी त्यांना सांगावे म्हणून. या योजनेत तीन गोष्टी आहेत: दगड, विचारणारे मूल आणि उत्तर देणारे वडील. तिन्ही असतील तरच स्मरण टिकते. दगड एकटा पुरत नाही. माणदेशात दगड उरला, विचारणारी मुलेही आहेत. मधली साखळी तेवढी कोठेतरी तुटली.

वडूजमध्येच याचा अर्वाचीन दाखला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’च्या दिवसांत, तेथील मामलेदार कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाचे हुतात्मा स्मारक आज वडूजमध्ये उभे आहे. ते आपल्या काळातील वीरगळच म्हणावे लागेल. फरक इतकाच की येथे नावे आहेत. पण नावे कोरली म्हणून आपण निश्चिंत व्हावे काय? वेशीवरच्या जुन्या वीरगळाचे नावही एके काळी साऱ्या गावाला पाठ असणारच. अक्षरापेक्षा बोलणे आधी झिजते. ज्या दिवशी वडूजच्या एखाद्या घरात मूल विचारील आणि कोणी सांगणार नाही, त्या दिवसापासून ते स्मारकही अनोळखी चिन्हांचा दगड होऊ लागेल.

हे आपल्यालाही लागू आहे. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये जमिनीवर कुलचिन्हे आणि लॅटिन वा पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या समाधिशिळा आहेत. आपण त्यांच्यावरून चालत जातो. आपल्या धर्मग्रामांच्या दफनभूमीतही जुने क्रूस झिजत उभे आहेत, आणि त्यांच्याखाली कोण, हे सांगणारी शेवटची माणसे एकेक करून त्याच मातीत जात आहेत. माणदेशातील शेतकरी आपल्या वीराचे नाव विसरला याचे नवल करण्यापूर्वी, आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपल्याला सांगता येते का, हे स्वतःला विचारून पाहावे.

तेव्हा करायचे काय? उत्तर फार मोठे नाही. असा दगड दिसला तर तो आहे तेथेच राहू द्यावा, कारण त्याची जागा हा त्याच्या साक्षीचा अर्धा भाग असतो. त्यावर तेल, रंग, खडू चढवू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहिले की झिजलेली रेघही सावलीने उठून दिसते. छायाचित्र घ्यावे, जागा व दिशा लिहून ठेवावी, गावातील वृद्धांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत टिपावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला कळवावे. जमिनीत पुरलेले काही मौल्यवान सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे; पण कायद्याच्याही आधी ही प्रामाणिकपणाची बाब आहे. आणि अभ्यासक जेव्हा सांगेल की ‘एवढे कळले, एवढे कळले नाही’, तेव्हा त्याच्यावर नाराज होऊ नये. पुरे सांगणाऱ्यापेक्षा तो अधिक विश्वासाचा.

एक काम मात्र कोणत्याही संस्थेवर सोपवता येणार नाही. मुलाने बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारले की थांबावे. ठाऊक असेल तेवढे सांगावे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून सांगावे, आणि कोणाला विचारता येईल ते दोघांनी मिळून ठरवावे. ज्या मुलाने आपल्या वडिलांना दगडाविषयी खरे बोलताना ऐकले, ते मूल पुढे माणसांविषयीही खरे बोलेल, अशी आशा धरायला जागा आहे.